यंदा शपथ नको, बारा आठवडे द्या

इंदूरमधल्या मराठी मंडळांच्या आणि गणेशोत्सव समित्यांच्या पदाधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या बैठका सुरू झाल्या की 'यंदा सामाजिक काय करायचं?' हा विषय निघतो आणि रक्तदान, नेत्रतपासणी यांच्या खाली 'व्यसनमुक्तीवर व्याख्यान' ही ओळ आपोआप लिहिली जाते. राजेंद्रनगर असो, सुदामानगर असो की लोकमान्यनगर, कार्यक्रमाचा साचा एकच. पडद्यावर सडलेल्या जबड्यांचे फोटो, डॉक्टरांचं भाषण, उजवा हात पुढे करून सामुदायिक शपथ, मग आरती. हॉलमधल्या पहिल्या तीन रांगांत आयुष्यात सिगारेटला न शिवलेल्या बायका आणि शाळेतली मुलं बसतात. ज्यांच्यासाठी हे सारं चाललेलं असतं ती मंडळी मागे मांडवाच्या कनातीबाहेर उभी राहून धूर सोडत असतात.

माझी मागणी एकच आहे. यंदा हे व्याख्यान करू नका. तो खर्च, ते कार्यकर्ते आणि तो उत्साह, ज्यांना खरोखर सिगारेट-बीडी सोडायची आहे अशा मोजक्या माणसांना निकोटीन रिप्लेसमेंट थेरपी (तंबाखूतलं व्यसन लावणारं निकोटीन धुराशिवाय, मोजून देणारं च्युइंगगम, पॅच किंवा गोळ्या) नीट, पुरेशी आणि पूर्ण मुदतीची मिळवून देण्यासाठी लावा.

आधी एक गोष्ट उघड करते. मी फार्मासिस्ट आहे, माझं औषधाचं दुकान आहे आणि हे च्युइंगगम मी विकते. तेव्हा 'बाई स्वतःचा माल खपवतायत' असं कुणाच्या मनात आलं तर त्यात वावगं काही नाही. म्हणून माझी अट अशी की मंडळानं यातली एकही गोळी माझ्याकडून घेऊ नये. दवा बाजारातून घ्या, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घ्या, कुठूनही घ्या.

मला या विषयावर बोलावंसं वाटतं ते काउंटरच्या अलीकडून जे दिसतं त्यामुळे. माणूस येतो, बहुधा रात्री दुकान बंद व्हायच्या सुमारास, आणि इकडेतिकडे बघत म्हणतो, "ते सिगरेट सोडायचं च्युइंगम असतं ना, ते द्या एक पट्टी." दोन मिलीग्रॅमची पट्टी घेतो. साध्या च्युइंगमसारखी भराभर चावतो, उचकी लागते, मळमळतं, घसा जळजळतो. दोन दिवसांनी पुन्हा पानाच्या गुमटीवर उभा. आणि मग आयुष्यभर सांगत सुटतो, "मी ते पण करून बघितलं, काही उपयोग नाही." एक पट्टी म्हणजे जेमतेम एका दिवसाचं औषध. अँटिबायोटिकची एकच गोळी खाऊन टायफॉइड गेला नाही म्हणून कुणी औषधाला शिव्या देत नाही. इथे मात्र सर्रास देतात.

हे औषध निघालं कसं, ते सांगण्यासारखं आहे. १९६७ साली स्वीडनमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लास लुंडग्रेन यांनी औषध कंपनीत संशोधन करणारे आपले मित्र ओवे फेर्नो यांना पत्र लिहिलं. पाणबुडीतल्या नौसैनिकांना आत सिगारेट ओढता येत नाही, तर ते तोंडात तंबाखू धरतात आणि त्यांची तलफ भागते, असं लुंडग्रेन यांच्या पाहण्यात आलं होतं. मग धुराशिवाय नुसतं निकोटीन देता येईल का? फेर्नो स्वतः सिगारेट ओढणारे, त्यामुळे प्रश्न त्यांना लगेच भिडला. त्यातून निकोटीनचं च्युइंगगम तयार झालं. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडनं आणि १९८४ मध्ये अमेरिकेनं त्याला औषध म्हणून मान्यता दिली. पुढे चिकटवायचे पॅच आले, चघळायच्या गोळ्या आल्या. २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही थेरपी आहे आणि २०२२ च्या आपल्या राष्ट्रीय यादीतही आली आहे. म्हणजे रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या ज्या यादीत, त्याच यादीत हेही.

इथे खजिनदारांचा हात वर होणार, मला माहीत आहे. "निकोटीनच द्यायचं तर मग सोडलं काय? हे तर एक व्यसन काढून दुसरं लावणं झालं!"

आक्षेप बिनबुडाचा नाही, म्हणून जरा थांबून उत्तर देते. सिगारेटच्या धुरात ७,००० च्या वर रसायनं असतात, त्यांतली ७० च्या आसपास कर्करोग करणारी. डांबर, कार्बन मोनॉक्साइड, असला सगळा ऐवज. फुप्फुसं आणि रक्तवाहिन्या खराब होतात त्या प्रामुख्यानं या धुरानं. निकोटीनचं काम माणसाला बांधून ठेवण्याचं. मायकेल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९७६ मध्येच लिहून ठेवलं होतं की माणसं ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात डांबरानं. दुसरं म्हणजे वेग. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं, आणि हा झटकाच व्यसन लावतो. गममधलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू झिरपतं, त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. पॅचला तर तास लागतात. झटका नाही, पण तलफेची धार बोथट होते. तेवढ्या काळात माणूस सकाळच्या चहाबरोबरची, जेवणानंतरची, ऑफिसच्या जिन्यातली अशी एकेक सवय मोडायला शिकतो. आणि मात्रा पायरीपायरीनं कमी करत बंद करायची असते. काही जण गमवर महिनोन्‌महिने अडकतात, हेही खरं. तरी रोज पाकीटभर ओढणाऱ्यापेक्षा ते कितीतरी बरे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हृदयविकाराचं नाव काढून घाबरवणारेही भेटतील. अँजिओप्लास्टी होऊनही चोरून ओढणारे काका प्रत्येक मंडळात दोन-चार असतात, आणि घरच्यांना वाटतं की त्यांना गम देणं धोक्याचं. हृदयविकार स्थिर असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ही थेरपी देता येते. सिगारेट चालू ठेवणं हाच मोठा धोका. नुकताच हार्ट अटॅक येऊन दोन आठवडेही झाले नसतील, छातीतलं दुखणं वाढत चाललं असेल किंवा ठोक्यांत गंभीर गडबड असेल, तर निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या बाबतीतही आधी डॉक्टर. म्हणूनच प्रसादासारखं वाटून टाकायचं हे औषध नाही.

आता ते वापरायचं कसं, कारण खरी मेख इथे आहे.

सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगारेट लागते त्याचं अवलंबित्व जास्त. त्याला चार मिलीग्रॅमचं गम लागतं. बाकीच्यांना दोनचं पुरतं. दोनचं आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतं, चारच्याला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. म्हणून होतं काय, तर ज्यांना चारची गरज तेच लोक दोनचं घेऊन जातात आणि हरतात. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान नऊ. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, त्यापुढचे तीन चार ते आठ तासांनी. हिशेब केलात तर एका माणसाला पाचशेच्या वर गोळ्या लागतात. काउंटरवरून तो नेतो एक पट्टी!

चावायचं तेही सावकाश. दहा-बारा वेळा चावलं की मिरमिरल्यासारखं, तिखटसर लागतं. लागलं की थांबायचं आणि गम गालाच्या कप्प्यात दाबून ठेवायचा. मिरमिर गेली की पुन्हा थोडं चावून दुसऱ्या बाजूला. तंबाखूचा बार धरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, सिगारेटवाल्याला शिकवावं लागतं. असा अर्धा तास. भराभर चावलं तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. तिथून ते यकृतात बरंचसं मोडतं, तलफ भागत नाही आणि वर उचक्या लागतात. आणखी एक, खास आपल्या गावासाठी: आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर तोंडातून निकोटीन नीट शोषलं जात नाही. म्हणजे पोह्यांवर लिंबू पिळून खाल्लं, वर लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंक झालं की लगेच गम तोंडात टाकायचा नाही. पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. कॉफीचंही तसंच.

कवळी असलेल्यांना गम चिकटतो, त्यांना चघळायच्या गोळ्या बऱ्या. पॅच सगळ्या दुकानांत तयार नसतो, मागवून घ्यावा लागतो. पण दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांसाठी २१ मिलीग्रॅमपासून सुरू करून १४ आणि ७ वर उतरायची सोय त्यात आहे. रोज नव्या जागी लावायचा. रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून ठेवायचा. अंगावर पॅच आणि अचानक तलफ आली तर गम, अशी जोडी एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा जास्त लागू पडते. जोडी कुणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतील. गमचं वेष्टन गोळ्या-चॉकलेटसारखं दिसतं, तेव्हा घरात नातवंडं असतील तर ते कपाटात ठेवा.

उपवासाला चालतं का, हा प्रश्न मला दर चतुर्थीला येतो. विचारणाऱ्याची सिगारेट मात्र उपवासाला चालत असते.

बायकांचा प्रश्न वेगळा. "ह्यांना न सांगता चहात टाकता येईल असं काही आहे का हो?" नाही, वहिनी. असं सांगून पुड्या विकणाऱ्यांपासून दूर राहा. ज्याला सोडायचंच नाही त्याला हे औषध सोडवत नाही. पण सोडायची इच्छा असलेले थोडे नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी सांगितलं की सोडायचा विचार आहे. आपल्या मांडवाबाहेर धूर सोडणाऱ्यांत निम्म्यांच्या मनात हे असणार. त्यांना फोटो दाखवायची गरज नाही, ते फोटो त्यांच्या खिशातल्या पाकिटावरच छापलेले आहेत.

आता यशाचं खरं बोलू. नुसत्या मनोधैर्यावर सोडणाऱ्या शंभरांतले साधारण तीन ते पाच जण वर्षभर टिकतात. या थेरपीवर शंभराहून जास्त चाचण्या झाल्या आहेत, साठ हजारांवर माणसं त्यांत होती. त्या सगळ्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की टिकण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाचाचे सात-आठ होतात. जादू नव्हे. सोबत कुणी नियमित विचारपूस करणारं, समजून सांगणारं असेल तर आकडा आणखी वर जातो. आणि तिथे डॉक्टर किंवा दुकानदार कमी पडतो, मंडळ पडत नाही. पावती फाडायला घरोघर तीन-तीन चकरा मारणारे कार्यकर्ते दुसऱ्या कुणाकडे आहेत सांगा?

म्हणून माझी योजना पंचांगाला धरून आहे. गणपतीच्या दहा दिवसांत व्याख्यानाऐवजी एका संध्याकाळी नावनोंदणी ठेवा, पडद्याआड, नावं जाहीर न करता. वीस नावं आली तरी पुष्कळ. परिसरातले दोन डॉक्टर प्रत्येकाशी बोलतील, बीपी-शुगर आणि चालू औषधं बघतील, मात्रा ठरवतील आणि चिठ्ठी देतील. बीडीवाल्यांना वगळू नका. गिरण्या बंद पडल्या तरी पाळीत लागलेली बीडी सुटली नाही असे आजोबा मालवा मिलच्या बाजूला आजही आहेत, आणि बीडीत निकोटीन सिगारेटपेक्षा कमी नसतं.

सोडायचा दिवस अनंत चतुर्दशीचा ठेवू नका. गिरण्यांच्या झांकी, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघत रात्रभर जागायचं, चहावर चहा, आणि त्या रात्री सिगारेट सोडायची हे कुणाच्यानं होणार नाही. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागतो. लग्न नाही, बारसं नाही, पार्टी नाही. यापेक्षा चांगला पंधरवडा वर्षात शोधून सापडायचा नाही. तलफ, चिडचिड, झोप उडणं हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. म्हणून कार्यकर्त्यानं पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी फोन करायचाच, पुढे आठवड्याला एक. फोनवर उपदेश करायचा नाही. गम किती घेतले, कसे चावले, उरले किती, एवढंच विचारायचं. चहा-कॉफी थोडी कमी करा असंही सांगायचं: धूर बंद झाला की शरीरात कॅफीन हळू मोडतं, तेवढ्याच चहानं हात थरथरतात, छाती धडधडते, आणि माणसाला वाटतं की हा सिगारेट सोडल्याचाच त्रास. दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापाइन घेणाऱ्यांच्या औषधाची मात्राही याच कारणानं बदलावी लागू शकते, ते डॉक्टरांना आधीच सांगा.

पहिले सहा आठवडे पूर्ण होतात तेव्हा दिवाळी उंबरठ्यावर असते. मात्रा कमी करायची वेळ तीच आणि पत्त्यांचे डाव, पुण्या-मुंबईचे भाऊ, रात्री सराफ्यात खायला जायच्या फेऱ्या यांचीही तीच. त्या आठवड्यात फोन दुप्पट करा. बारा आठवडे भरतात ते दत्तजयंतीच्या आसपास. मधेच कुणी एखादी ओढलीच तर त्याला यादीतून काढू नका आणि औषध थांबवायला सांगू नका, दुसऱ्या दिवसापासून पुढे चालू.

पैशाचं. गुमटीवर सिगारेट सुटी मिळते, एकेक करून, म्हणून महिन्याचा खर्च कुणाला दिसत नाही. औषधाचे पैसे एकदम द्यावे लागतात, म्हणून ते महाग वाटतं. मंडळानं फक्त पहिल्या दोन आठवड्यांचं औषध द्यावं, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कुठल्याही मेडिकलमधून घेता येईल असं कूपन देऊन. औषधाचा साठा स्वतः करून वाटू नका, त्याला परवाना लागतो. दोन आठवड्यांनी ज्याचे रोजचे सिगारेटचे पैसे वाचायला लागले, तो पुढचं स्वतः घेतो. ज्याला अजिबात झेपत नाही त्याचं मंडळानं बघावं. एका ऑर्केस्ट्राच्या रात्रीइतका खर्च येणार नाही, हे मी खजिनदारांना कागदावर मांडून दाखवीन.

तंबाखू-चुना मळणारे आणि पाऊचवाले यांचं काय, असं विचाराल. गुटख्यावर देशात सर्वांत आधी बंदी घातली ती आपल्या मध्य प्रदेशानं, १ एप्रिल २०१२ पासून. पाऊच आजही कसे मिळतात हे आपण सगळे जाणतो. त्यांच्यासाठी निकोटीन गमचा पुरावा धूम्रपानाइतका भक्कम नाही, म्हणून मी त्यांच्या बाबतीत आश्वासन देणार नाही. त्यांची नावं घ्या, दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्या, बाकी डॉक्टर ठरवतील. तरुण पोरं 'व्हेपनं सुटते' म्हणतील. २०१९ पासून देशात ई-सिगारेटवर बंदी आहे, तेव्हा तो विषय मंडळानं काढूच नये. गमनं भागलं नाही तर डॉक्टरांकडे ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिनसारखी दुसरी औषधं आहेत. आणि ज्याला ओळखीच्या माणसाशी बोलायचा संकोच वाटतो त्याला १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, फुकट नंबर द्या. तोही पाकिटावर छापलेला असतो. फोटोच्या धक्क्यात वाचला जात नाही, इतकंच.

पुढच्या बैठकीत मला पंधरा मिनिटं द्या. फोन करणाऱ्या कार्यकर्त्यांना काय विचारायचं आणि काय नाही, ते मी एका संध्याकाळी शिकवीन. त्यासाठी मानधन नको, हार-श्रीफळ तर नकोच. बैठकीला खजिनदारांना नक्की बोलवा. आणि शक्य झालं तर आपल्यातल्याच एखाद्या ओढणाऱ्या पदाधिकाऱ्याचं नाव यादीत पहिलं असू द्या. कोण कोण ते मला ठाऊक आहे, दुकान माझं रस्त्यावरच आहे.

आपली,
सुदामानगरातली एक फार्मासिस्ट, इंदूर